पाद्रीसाहेबांची वही

घरात पाहुणा आला म्हणजे त्याच्या नजरेस प्रथम काय पडते? घरधन्याने हौसेने टांगलेली तसबीर नव्हे, तर तिच्यामागे लोंबणारे कोळिष्टक! घरातल्यांना ते वर्षानुवर्षे दिसत नाही. पाहुण्याला उंबरठ्यावरूनच दिसते. कोळिष्टक खोटे नसते. पण पाहुणा तेवढेच पाहून परतला आणि त्याने गावभर सांगितले की अमक्याचे घर म्हणजे कोळिष्टकांचे आगर, तर त्याला काय म्हणावे? उलट तो चार दिवस राहिला, माजघरापर्यंत आला, आजीबाईंच्या ओव्या ऐकू लागला, तर त्याच पाहुण्याच्या तोंडून आपल्या घराविषयी अशी एखादी गोष्ट निघते की घरची मंडळीच चकित होतात.

देशादेशांचेही असेच आहे. गेल्या शतकाच्याही मागल्या शतकात विलायतेहून, अमेरिकेहून, जर्मनीहून शेकडो धर्मप्रसारक या देशात उतरले. त्यांची पहिली पत्रे वाचावीत तर बहुधा एकच सूर ऐकू येतो: ऊन फार, धूळ फार, देव फार आणि अज्ञान त्याहून फार. ही पत्रे वाचून आपल्याला राग येतो, आणि तो अगदीच अस्थानी नाही. परंतु या पाहुण्यांपैकी काही जण माजघरापर्यंत आले. त्यांतल्या एकाच्या वहीत आमच्या पूर्व विदर्भातल्या डोंगरांतील माणसांचे एक गाणे उतरले. ते कसे उतरले आणि त्याचे पुढे काय झाले, ही हकीकत वाचकांना सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच.

मी गोंदियास मराठी शिकवतो. पुण्यामुंबईच्या वाचकाला गोंदिया म्हणजे हावड्याच्या गाडीत नागपूरनंतर लागणारे एक मोठे जंक्शन, इतकीच ओळख असते. धानाची शेती, तांदळाच्या गिरण्या, तेंदूपत्ता आणि विड्या, नवेगाव बांधासारखे जुने जलाशय आणि त्यांना वेढून राहिलेले जंगल असा हा मुलूख. जिल्हा म्हणून त्याचे वय लहान. १ मे १९९९ रोजी तो भंडाऱ्यातून वेगळा निघाला. पण झाडीपट्टी हे त्याचे जुने नाव त्याला अधिक शोभते. येथे बाजारात मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी सगळ्या एकाच काट्यावर तोलल्या जातात, आणि डोंगराच्या कडेकडेने गोंडी बोलली जाते. तिच्याकडे मात्र शहराचा कान सहसा वळत नाही.

पंचवीसशे पौंडांचे मिशन

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडमधील डन्स या गावचा. जन्म १८१७ चा. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि ‘फ्री चर्च’ निघाले. सरकारी आश्रय सोडून बाहेर पडलेल्या या मंडळींत तरुण हिस्लॉपही होता. त्याच सुमारास मद्रास पलटणीतील विल्यम हिल नावाच्या एका कप्तानाने, पत्नीच्या निधनानंतर, नागपूरकडे मिशन काढण्यासाठी अडीच हजार पौंडांची देणगी पुढे केली. माणूस हवा होता. हिस्लॉप तयार झाला. लग्न नुकतेच झालेले. नवरा-बायको निघाले आणि डिसेंबर १८४४ मध्ये मुंबईस उतरले.

तेव्हाची मुंबई ते नागपूर ही वाट आजच्या वाचकाने डोळ्यांसमोर आणावी. मुंबई-ठाणे आगगाडी सुरू व्हायला आणखी आठ वर्षे होती. नागपुरास गाडी पोहोचायला तर बावीस. पाचशे मैलांचा रस्ता बैलांच्या पायांनी आणि माणसांच्या खांद्यांनी कापावयाचा. आज विमानातून उतरणाऱ्याला नवा देश एकदम अंगावर येतो. त्या काळी तो मुक्कामामुक्कामाने, धर्मशाळा आणि नदीचे उतार यांच्या हिशेबाने भेटत असे. फेब्रुवारी १८४५ मध्ये हिस्लॉप नागपूर मुलखात येऊन पोहोचला.

हा मुलूख तेव्हा इंग्रजांचा नव्हता. गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. सीताबर्डीस रेसिडेन्सी आणि कामठीस इंग्रजांची छावणी, एवढाच परक्यांचा वावर. कामठीची पलटण मद्रासी असल्यामुळे तेथे तमिळ आणि तेलुगू कानी पडत, नागपुरात मराठी, आणि जोडीला हिंदुस्थानी. म्हणजे मुंबईत ‘मराठी शिका, काम भागेल’ असे ऐकून आलेल्या माणसाला येथे चार भाषांचा बाजार भेटला. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी कोश १८३१ सालीच निघाला होता. पण कोशातली मराठी घेऊन झाडीपट्टीत उतरलेल्याची काय गत होते, हे मी येथे नव्याने रुजू होणाऱ्या पुण्याकडील प्राध्यापकांच्या चेहऱ्यांवर दर वर्षी पाहतो. येथे ‘पाणी’चे ‘पानी’ होते, आणि वाक्याचा हेल असा की शब्द ओळखीचे वाटावेत आणि अर्थ हातचा निसटावा!

हिस्लॉप शिकला. १८४६ मध्ये त्याने नागपुरात शाळा काढली. पुढे रॉबर्ट हंटर हा सहकारी त्यास येऊन मिळाला. उपदेशासाठी दोघांना गावोगाव हिंडावे लागे. लोक उपदेश ऐकून घेत, माना डोलवीत आणि आपापल्या घरी जात. धर्मांतरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मिशनच्या जमाखर्चात पाहिले तर हिंडणे बरेचसे वाया गेले म्हणावे लागेल. पण हिंडणाऱ्याचे डोळे आणि कान रिकामे राहत नाहीत.

दगड आणि माणूस

प्रथम त्याने वाचले ते दगड! १८५१ च्या सुमारास नागपूरशेजारच्या टाकळीच्या बाजूस हिस्लॉप आणि हंटर यांना काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये दबलेला एक वेगळाच थर आढळला. त्यात शंख होते, वनस्पतींचे अवशेष होते. आणि ते शंख समुद्रातले नव्हते, गोड्या पाण्यातले होते. याचा अर्थ असा की आपला दख्खन ज्या तप्त रसाच्या लोटांनी घडला, ते सगळे एका दमात आले नाहीत. एक लोट येऊन थंड झाला, त्यावर तळी साचली, झाडे आली, गोगलगायी नांदल्या. मग दुसरा लोट आला आणि सारे झाकून गेला. आजच्या गणनेप्रमाणे ही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची कथा. या दोघांनी लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाकडे पाठवलेले निबंध आजही अभ्यासकांना चाळावे लागतात. मांगली गावच्या दगडातून त्यांनी पाठवलेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन या नामांकित शास्त्रज्ञाने १८५५ साली प्रसिद्ध केले. एका खनिजाला तर ‘हिस्लोपाइट’ असे नावच पडले.

येथे एक मौजेची गोष्ट सांगितली पाहिजे. पुढे मध्य भारतातील कोळशाच्या आणि वालुकाश्मांच्या थरांना १८७० नंतरच्या दशकात हेन्री मेडलिकॉट याने ‘गोंडवाना’ हे नाव रूढ केले. १८८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या एडवर्ड स्यूस याने एका लुप्त महाखंडाची कल्पना मांडली, तेव्हा त्यानेही तेच नाव घेतले. तेव्हापासून दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलियाच्या शाळांतील मुले ‘गोंडवाना’ हा शब्द पाठ करतात. आमच्या धनेगावच्या किंवा सालेकसाच्या गोंड म्हातारीला मात्र याचा पत्ता नसतो की तिच्या जातीचे नाव पृथ्वीच्या पाठीवर इतक्या दूर जाऊन पोहोचले आहे.

दगडावरून हिस्लॉप माणसाकडे आला. डोंगरातल्या माणसांना सगळे ‘गोंड’ म्हणत. ते स्वतःला काय म्हणतात, हे त्याने विचारले. उत्तर आले: कोयतूर. वाचकांना हे साधे वाटेल. पण ज्याला सगळे एका नावाने ओळखतात त्याला ‘तू स्वतःला काय म्हणवतोस?’ असे विचारण्याची बुद्धी फार थोड्यांना होते. मग शब्द गोळा होऊ लागले. हात म्हणजे ‘कय’, डोळा म्हणजे ‘कन’, झाड म्हणजे ‘मरा’. कामठीच्या छावणीत तमिळ शिपायांच्या तोंडून ‘कै’, ‘कण्’, ‘मरम्’ ऐकलेल्या कानाला हे शब्द परके कसे वाटावेत? सातपुड्याच्या रानात राहणाऱ्या माणसाची बोली शेजारच्या मराठी-हिंदीची नव्हे, तर शेकडो कोस दूरच्या तमिळ-तेलुगूची बहीण! रॉबर्ट कॉल्डवेल याने १८५६ साली द्राविडी भाषांचे तौलनिक व्याकरण प्रसिद्ध केले, त्यात गोंडीला जागा मिळाली ती याच नात्यामुळे.

१८५३ च्या डिसेंबरात रघूजी वारले. पुढच्या वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केले. आपल्याच देशबांधवांच्या या नव्या कारभारातील गैरप्रकारांवर हिस्लॉपने वर्तमानपत्रांतून टीका केली. १८५७ च्या धामधुमीत नागपुरात उठावाचा बेत शिजत असल्याची खबर त्याला आगाऊ दिली ती त्याच्या एका मुसलमान स्नेह्याने. बारा वर्षांत या माणसाला गावात कसली जागा मिळाली होती, हे त्यावरून दिसते. ख्रिस्ती धर्मावरील त्याची श्रद्धा तसूभरही ढळली नव्हती. हे लोक चुकीच्या मार्गाने जात आहेत, असे त्याला अखेरपर्यंत वाटत होते. ते लपवण्याचे कारण नाही. पण चुकीच्या मार्गाने जाणाऱ्याचे गाणे लिहून घेण्यासारखे आहे, असेही त्याला वाटले. आणि त्याचे मोठेपण, मला विचाराल तर, येथे आहे.

लिंगोचे गाणे

गोंडांचे भाट म्हणजे परधान. कुळांच्या कथा, देवांच्या कथा त्यांच्या जिभेवर असतात. अशा एका परधानाच्या तोंडून लिंगोची कथा उतरून घेतली गेली: मूळ गोंडी शब्दांत, रोमन लिपीत आणि अर्थासह.

कथा थोडक्यात अशी. गोंड जन्मास आले, पण त्यांना रीतभात नव्हती. मिळेल ते खात, रानोमाळ भटकत. महादेवाला त्यांचा वीट आला. त्याने एक खार निर्माण करून सोडली. तिच्या मागे धावत सगळे गोंड एका गुहेत शिरले, आणि महादेवाने तोंडावर शिळा लोटली. चौघेच तेवढे बाहेर राहिले. ते काचिकोपा लोहगडाच्या खोऱ्यात जाऊन लपले. पार्वतीला मात्र गोंडांवाचून करमेना. त्यांच्या सुटकेसाठी तिने तप मांडले. मग लिंगो जन्मास आला. त्याने त्या चार भावांना शेत करावयास, विस्तव वापरावयास शिकवले. भावांनी मत्सराने त्यालाच मारले. देवांच्या कृपेने तो पुन्हा उठला. आणि उठल्यावर त्याने काय केले? मारणाऱ्यांचा सूड घेतला नाही. तो गुहेत कोंडलेल्यांना शोधण्यास निघाला. महादेवाने घातलेला अवघड पण पुरा करून त्याने शिळा हलवली, माणसे उजेडात आणली, त्यांची कुळे लावून दिली, देव दिले आणि आपण नाहीसा झाला.

मी वर्गात महाभारतावर बोलतो, ज्ञानेश्वरीवर बोलतो. एवढी भव्य कथा माझ्या कॉलेजपासून तासाभराच्या अंतरावर पिढ्यान्‌पिढ्या गायली जात असता तिला मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत एक ओळ मिळू नये, याचे नवल वाटते. शेजार काही आजचा नाही. भोसल्यांच्या अमदानीत येथे देशमुख होते, पंडे होते, कारकून होते, लिहिण्यावाचण्यावर पोट भरणारी माणसे होती. गोंडांकडून किती पट्टी आली याचा हिशेब त्यांच्या दप्तरांतून चोख लिहिला गेला. गोंड काय गातो, हे लिहून घ्यायला मात्र स्कॉटलंडहून माणूस यावा लागला!

ही वही छापलेली पाहणे हिस्लॉपच्या नशिबी नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी तो मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहावयास गेला होता. परतताना बाकीची मंडळी पुढे गेली. हा बोरी गावची शाळा पाहण्यासाठी मागे थांबला. अंधार पडल्यावर घोड्यावरून निघाला. वाटेतला ओढा फुगलेला. घोडा तेवढा पार झाला. वयाला सेहेचाळीस वर्षे पुरी व्हायला चार दिवस कमी होते. टेंपल यांनी त्याची हस्तलिखिते जमवून, संपादून १८६६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. १८७१ मध्ये फोर्सिथ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने लिंगोकथेला इंग्रजी पद्यात बसवले, तेही अमेरिकन कवी लाँगफेलोच्या ‘हायावाथा’च्या चालीवर. नागपुरातील हिस्लॉप कॉलेज १८८३ चे. हजारो मराठी घरांतली मुले तेथे शिकून गेली. त्या नावामागच्या माणसाने काय लिहून ठेवले, हे त्यांतल्या कितींना ठाऊक असेल?

गाडीतला सहप्रवासी

हिस्लॉपनंतर तीस वर्षांनी याच मुलखातून आणखी एक मिशनरी प्रवास करीत होता, पण आता आगगाडीने. नागपूरहून छत्तीसगडाकडे जाणारा लोहमार्ग १८८० च्या सुमारास राजनांदगावास पोहोचला होता. तो भंडारा-तुमसरवरून गोंदियातून जातो. १८९३ मध्ये याच मार्गाने नारायण वामन टिळक नावाचे एक तरुण कवी नोकरीच्या शोधात राजनांदगावास निघाले होते. डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. चरित्रकार त्याचे नाव अर्नेस्ट वॉर्ड असे देतात. १८८१ साली बायकोसह या देशात आलेला हा अमेरिकन फ्री मेथडिस्ट पंथाचा. बोलणे निघाले, रंगले, आणि निरोप घेताना त्याने टिळकांच्या हाती बायबल ठेवून, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे त्यानंतरचे घरातले वादळ मराठी वाचकाला ठाऊक आहे.

वरवर पाहता हा सांगणाऱ्याचा विजय. परंतु टिळकांनी पुढे काय केले ते पाहावे. आपण ख्रिस्तापर्यंत तुकोबांच्या पुलावरून आलो, असे ते सांगत. विलायती सुरांत गाणाऱ्या देवळात त्यांनी अभंग नेला, कीर्तन नेले, टाळ नेले. ज्याने ऐकावयाचे त्याने आपल्या कानांनी ऐकले आणि आपल्याच गळ्याने गायले. नव्या देशात येणाऱ्या उपदेशकाला ही गोष्ट पहिल्या वर्षी सहसा उमगत नाही: आपण सांगतो ते समोरच्याच्या घरात शिरताना त्या घराची भाषा बोलू लागते.

करंजियाची वाट

ही गोष्ट उमगलेला तिसरा प्रवासी म्हणजे व्हेरिअर एल्विन. गोंदियाहून उत्तरेस बालाघाट, नैनपूरकडे जाणारी लाईन धरली आणि मंडल्यापलीकडे अमरकंटकच्या दिशेने गेले की करंजिया नावाचे खेडे लागते. हिस्लॉप येण्याआधीच काही जर्मन मिशनरी तेथे गोंडांत राहण्यासाठी गेले होते. रोगाने त्यांतले बहुतेक थोडक्या दिवसांत दगावले. नव्या देशाचा पहिला ठसा उमटण्याआधीच देशाने त्यांना पोटात घेतले.

नव्वद वर्षांनी, जानेवारी १९३२ मध्ये, त्याच करंजियात ऑक्सफर्डचा पदवीधर एल्विन येऊन राहिला. १९२७ साली तो पुण्यास ख्रिस्त सेवा संघात दाखल झाला होता. तेथून गांधीजींकडे ओढला गेला. गोंडांत जाऊन काम करा, ही सूचना वर्ध्याच्या जमनालाल बजाजांची. त्याच्याबरोबर आपला एक मराठी तरुण होता, शामराव हिवाळे. नागपूरच्या बिशपने धर्मोपदेशाचा परवाना देण्यास राजनिष्ठेच्या शपथेची अट घातली. एल्विनने ती नाकारली. पुढे त्याने चर्चही सोडले. शाळा चालल्या, दवाखाना चालला, आणि रात्री शेकोटीपाशी वही उघडली जाई. एल्विन-हिवाळे यांनी मिळून मैकलच्या डोंगरांतील गाण्यांचे संग्रह काढले. हिवाळ्यांनी तर १९४६ साली परधानांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एल्विन १९५४ मध्ये भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये येथेच वारला. त्याच्या आत्मचरित्राला पुढल्या वर्षी साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

हिस्लॉप अखेरपर्यंत मिशनरी राहिला, एल्विनने तो अंगरखा उतरवून ठेवला. दोघांत अंतर पुष्कळ. पण काळाच्या चाळणीत दोघांचेही उरले ते एकच: ऐकलेले. हिस्लॉपची प्रवचने आज कोणाला आठवत नाहीत; परधानाचे गाणे मात्र आहे.

आता कचारगड

गोंदियाहून डोंगरगडकडे जाताना दरेकसा स्टेशन लागते. सालेकसा तालुक्यातील हा डोंगराळ भाग. तेथून काही अंतरावर धनेगावापलीकडे कचारगडची प्रशस्त गुहा आहे. गाण्यातले काचिकोपा लोहगड ते हेच, आणि लिंगोने गोंडांची सुटका केली ती गुहाही हीच, अशी गोंड भाविकांची श्रद्धा आहे. १९८० नंतरच्या दशकात मोतीरावण कंगाली आणि त्यांच्यासारख्या अभ्यासकांनी या स्थळाकडे समाजाचे लक्ष वेधले, आणि माघ पौर्णिमेच्या सुमारास येथे जत्रा भरू लागली. आता महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा अशा अनेक प्रांतांतून लोक येतात. सप्तरंगी झेंडे फडकतात. ‘जय सेवा’चा घोष दरीत घुमतो.

मी ही जत्रा पाहिली आहे, आणि तेथे ऐकलेली कथा हिस्लॉपच्या वहीतल्या कथेहून निराळी आहे. येथल्या कथेत कली कंकालीची मुले गुहेत कोंडली जातात. पहांदी पारी कुपार लिंगो, जंगो रायतार आणि किंगरी वाजवणारा हिरासुका पाटालीर त्यांच्या सुटकेस धावतात. शिळा घरंगळते आणि हिरासुका तिच्याखाली चिरडून जातो. गाणाऱ्याने जीव दिला तेव्हा माणसे उजेडात आली! छापलेल्या कथेवर हिंदू पुराणांचे पाणी चढले आहे, असे गोंड अभ्यासक म्हणतात. सांगणारा परधान, मध्ये भाषांतर करणारा, लिहिणारा साहेब आणि छापणारा कमिशनर, इतक्या हातांतून गेलेल्या गाण्याला हातांचे डाग लागणारच. म्हणून वही टाकून द्यावी काय? मला तसे वाटत नाही. पण वहीतलेच तेवढे खरे आणि गाणाऱ्याचे खोटे, असेही कोणी म्हणू नये. गाणे वहीत थांबते. गाणाऱ्याच्या गळ्यात ते चालत राहते.

आणि गळ्यांची संख्या कमी होते आहे, हीच खरी काळजी. २०११ च्या खानेसुमारीत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लक्ष लोक नोंदले गेले. आकडा लहान नाही. कित्येक देशांची लोकसंख्या त्याहून कमी असते. पण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गोंडीला स्थान नाही, आणि महाराष्ट्रातले मूल शाळेत मराठीशी, मध्य प्रदेशातले हिंदीशी आणि तेलंगणातले तेलुगूशी झगडत मोठे होते. आजी गोंडी बोलते, आई समजते, आणि नात हसते.

मी दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना घरची गाणी लिहून आणावयास सांगतो. जात्यावरच्या ओव्या येतात, पोवारी लग्नगीते येतात, झाडीपट्टीच्या दंडारीतली पदे येतात. काही वर्षांपूर्वी एक मुलगी तास संपल्यावर दाराशी घुटमळत राहिली. म्हणाली, “सर, आमच्या घरचं गाणं मराठीच्या वहीत चालन काय?” मी म्हटले, चालेल, लिही. दोन आठवड्यांनी तिने वही आणली. देवनागरीत गोंडी, खाली मराठी अर्थ. अक्षर वळणदार, मध्येच दोन जागा रिकाम्या. विचारले तर म्हणाली, “ते शब्द आजीलेच माहीत होते, अन् आजी आता सांगत नाही.” आजी त्या पंधरवड्यात अंथरुणाला खिळली होती.

हिस्लॉपच्या छापील ग्रंथापेक्षा त्या दोन रिकाम्या जागा मला अधिक बोलक्या वाटल्या. परका आला, त्याला येथली भाषा शिकण्यास वर्षे लागली, त्याने गैरसमज केले, काही दुरुस्त केले, काही तसेच ठेवून गेला. तरी जे ऐकले ते लिहिले. त्या मुलीला भाषा शिकावयाची नव्हती, समुद्र ओलांडावयाचा नव्हता, चौथऱ्यावरून उतरून माजघरात जावयाचे होते. तरी तिला दोन शब्दांनी उशीर झाला. मग आपण, जे त्या घराच्या बाजूने रोज जातो आणि आतून येणारे गाणे ‘कसले तरी आदिवासी गाणे’ म्हणून सोडून देतो, आपल्याला किती उशीर झाला असेल?

दिवाळीत घरोघर पाहुणे येतील, आपणही कोठे पाहुणे म्हणून जाऊ. दूरचा देश पाहावयास निघालेला प्रवासी पुष्कळदा मोठ्या तयारीने निघतो आणि पहिल्या दिवसाच्या कोळिष्टकांवर परत येतो. जवळचा देश पाहण्यास तर कोणी निघतच नाही. तो भिंतीपलीकडे असतो, त्याला तिकीट लागत नाही, आणि त्याची पहिली अट फार जुनी व फार सोपी आहे. दारात उभे राहून ‘तुम्ही स्वतःला काय म्हणवता?’ एवढे विचारावे, आणि उत्तर पुरे होईपर्यंत थांबावे.